वाट न चुकलेली सिंफनी

लिमोजच्या त्या चिनीमातीच्या कारखान्यात माल निवडण्याचं एक खातं होतं आणि त्या खात्यात ओडील शास्तनेचा शब्द शेवटचा असायचा. भट्टीतून निघालेली प्लेट ती डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायची, उजव्या हाताने टिचकी मारायची आणि क्षणभर मान कलती करायची. खणखणीत वाजली की प्लेट उजवीकडे, बद्द वाजली की डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर तिच्या कानाला बरोबर सापडायची. चौदाव्या वर्षी ती या बाकावर येऊन बसली होती आणि आता, १९७४ साली, तिला त्रेपन्नावं लागलं होतं. एवढ्या वर्षांत मुकादम सहा बदलले, पण "ओडीलने डावीकडे टाकली" म्हटल्यावर सहांपैकी एकानेही ती प्लेट पुन्हा उचलून पाहिली नव्हती.

घरी तिचं एकच वेड होतं, रेकॉर्डचं. त्यातही ज्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात त्या संगीतकारांचं नव्हे. त्यांच्या रेकॉर्डी तिने ऐकल्या होत्या, तिला आवडल्याही होत्या. पण त्यांना कान द्यायला सगळं जग होतं. ओडील शोधायची ती फडताळातल्या अगदी खालच्या कप्प्यातली माणसं. कुणी एखादाच बॅले लिहून गेलेला असायचा, कुणी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवता वाजवता वीस वर्षं एकाच सिंफनीवर घासत बसलेला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कॅथेड्रलच्या भोवती जुना बाजार भरायचा. तिथे ती गुडघ्यांवर बसून खोकी उपसायची. तिचा नवरा लेओन्स शहरातली ट्रॉलीबस चालवायचा. तो कोपऱ्यावरच्या कॅफेत सायकल शर्यतींच्या बातम्या वाचत तिची वाट पाहायचा.

"काय, आज कोणता मेलेला मिळाला?" तो विचारायचा.

"तुझे सायकलवाले तरी कुठे जिवंत आहेत?" ओडील म्हणायची. "डोंगर चढताना सगळे अर्धमेलेच दिसतात."

त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिला गास्पार लाव्हेर्नोल मिळाला.

लाव्हेर्नोल त्यांच्याच भागातला, व्हिएन नदीच्या काठी वाढलेला, एका हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा. त्याने जन्मात एकच सिंफनी लिहिली. १९३७ साली पॅरिसमध्ये चार जाड लाखेच्या तबकड्यांवर ती उतरवली गेली आणि तबकड्या दुकानात येण्याआधीच तो न्यूमोनियाने गेला. पुढे युद्धात प्रकाशकाचं गोदाम जळालं, त्यात सिंफनीची मूळ प्रतही गेली. आता उरलं होतं ते एवढंच. ओडीलने तबकड्या उन्हात धरून एकेक न्याहाळली, कडांवरून बोट फिरवलं आणि बाजारवाल्याशी घासाघीस न करता बारा फ्रँक त्याच्या हातावर ठेवले.

लाव्हेर्नोलचं नाव तिला माहीत होतं, पण ते चांगल्या अर्थाने नव्हे. शहराच्या वाचनालयात रेकॉर्ड उसन्या देणारी एक खोली होती. तिथे संगीतकारांची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात लाव्हेर्नोलच्या वाट्याला पाच ओळी आल्या होत्या आणि त्यातली शेवटची अशी होती: 'सिंफनीच्या संथ भागात संगीतकार मध्येच वाट चुकतो आणि त्याला ती पुन्हा सापडत नाही.' तेवढ्या एका ओळीवर त्या माणसाचा निकाल लागलेला होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ओडीलने तबकड्या लावल्या. एकेका बाजूवर जेमतेम चार मिनिटं मावायची. सुई उचलायची, तबकडी उलटायची, पुन्हा लावायची. पहिल्या तीन बाजूंनाच ती गुंग झाली. हा माणूस कच्चा नव्हता. व्हायोलिनं एकमेकांवरून अशी सरकत होती की नदीचं पाणीच डोळ्यांपुढे यावं. चौथ्या बाजूला संथ भाग सुरू झाला. चेलोंनी एक साधी, घरगुती वाटणारी चाल काढली, ती हळूहळू वर गेली आणि शेवटी एकट्या हॉर्नने एक लांब सूर धरला. तो सूर हवेत असतानाच बाजू संपली.

तिने पाचवी बाजू लावली. तिथे हॉर्नचा तो सूर नव्हताच. सगळी वाद्यं मंद मंद होत, निरोप घेतल्यासारखी शांत होऊन गेली. सहावी लावली तर हॉर्न पुन्हा आला. चाल चढत चढत ऐन माथ्यावर पोचली आणि तिथेच तुटली.

ओडीलची मान आपोआप कलती झाली.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली.

"मग परत कर त्याला," लेओन्स वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"तबकडी नाही रे. जोड बद्द वाजतोय."

पुढचे दोन आठवडे कामावरून आली की ती फक्त त्याच तीन बाजू ऐकत होती. लेओन्सलासुद्धा ती चाल पाठ झाली. बस चालवताना तो ती गुणगुणू लागला आणि स्वतःवरच चिडला. मग एका शनिवारी तिने चौथीनंतर पाचवी न लावता सहावी लावली.

हॉर्नचा सूर जिथे तुटला होता तिथूनच उचलला गेला. तोच सूर, तेवढाच जोर, जणू वादकाने मध्ये फक्त श्वास घेतला होता. चाल माथ्यावर गेली. मग तिने पाचवी लावली. माथ्यावरून सगळी वाद्यं हळूहळू उतरली, निवत गेली आणि निरोप घेऊन थांबली. जिथे थांबायला हवं होतं तिथेच.

ओडील खुर्चीतून उठली आणि तबकडी उचलून खिडकीपाशी गेली. प्लेट हातात आली की उलटी करून खालची खूण पाहायची, हा तिचा जन्माचा परिपाठ. तबकडीच्या मधल्या कागदाभोवती लाखेत उमटलेले, ध्वनिमुद्रणाच्या क्रमाचे बारीक आकडे असतात. ते उजेडात तिरपे धरले तरच दिसतात. चौथ्या बाजूवर ४१४ होतं. कागदावर 'पाचवी' लिहिलेल्या बाजूवर ४१६ आणि 'सहावी'वर ४१५.

"लेओन्स!" ती ओरडली. "कागद उलटे चिकटवलेत! त्या माणसाची वाट चुकलेलीच नाही. चिकटवणाऱ्याची चुकली!"

लेओन्स हातातला ब्रेड तसाच धरून आला. त्याने आकडे पाहिले, तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे सदतीस वर्षं सगळे लोक याला शिव्या घालतायत, त्या एका चिकटवणाऱ्यापायी?"

"हो."

"आणि ते कळलं तुला एकटीला?"

"ऐकलं कुणी? पुस्तक वाचलं की काम झालं."

वाचनालयाच्या वरच्या दालनात महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी तीन वाजता, रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचं मंडळ भरायचं. अध्यक्ष होते औषधांच्या दुकानाचे मालक मस्यू प्रादो. गृहस्थ सभ्य होते, अभ्यासू होते, फक्त छापील अक्षरावर त्यांची फार श्रद्धा होती. ओडील नऊ वर्षं त्या मंडळात येत होती, तीही कायम शेवटच्या रांगेत. तिने त्यांना गाठून सगळं सांगितलं.

प्रादोंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मादाम शास्तने, तुमचं कौतुक वाटतं. पण एवढ्या मोठमोठ्या जाणकारांनी ही रेकॉर्ड ऐकली आहे. त्यांच्या लक्षात आलं नसतं का?"

"तुम्ही एकदा ऐकून तर बघा."

"ऐकेन ना, ऐकेन. आणि बरं का, पुढच्या महिन्यात पॅरिसहून मस्यू कियार येतायत. त्यांची कंपनी जुन्या तबकड्यांवरून हीच सिंफनी नव्या रेकॉर्डवर काढते आहे. आपल्या भागाचा संगीतकार, म्हणून पहिला मान आपल्या मंडळाला. तुम्ही जरूर या."

नव्या रेकॉर्डवर एका बाजूला पंचवीस-पंचवीस मिनिटं सलग असतात. तिथे कुणाला काही उलटंसुलटं लावून पाहता येणार नव्हतं. चूक कायमची पक्की होणार होती.

सोमवारी बाकावर तिने ही गोष्ट फर्नांद रिबेरोलला सांगितली. फर्नांद तिच्या शेजारी एकवीस वर्षं बसत होती. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण तोंडाची फटकळ.

"औषधवाला काय म्हणाला? 'कौतुक वाटतं'?" फर्नांदने एक प्लेट धाडकन डावीकडे ठेवली. "माझी सासूसुद्धा असंच म्हणायची. मग स्वयंपाक स्वतःच पुन्हा करायची. तू त्या पॅरिसवाल्यालाच विचार."

"एवढ्या लोकांसमोर?"

"मग आम्ही येतो ना. आमच्यासमोर तुला कसली लाज?"

मस्यू कियार यायच्या शनिवारी वाचनालयाच्या दालनात निवड खात्यातल्या अकरा बायका येऊन बसल्या. ठेवणीतले कोट घातलेले, पर्सा मांडीवर. मंडळाचे जुने सभासद जरा सरकून बसले. लेओन्स बसची पाळी बदलून आला होता आणि दाराशी उभा होता. ओडीलच्या पायाशी कापडी पिशवी होती. तिच्यात टॉवेलात गुंडाळलेली दुसरी आणि तिसरी तबकडी.

आर्मां कियार चाळिशीतला, उंच, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. तो मनापासून बोलला. लाव्हेर्नोल आपल्याला का आवडतो ते त्याने सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "संथ भाग जरा भरकटलेला आहे, हे मान्य करायला हवं. पण त्या भरकटण्यातही एक धाडस आहे." मग त्याने नव्या रेकॉर्डची नमुना प्रत लावली. चेलोंची चाल आली, हॉर्न आला, तुटला, सगळं निवलं, हॉर्न पुन्हा उगवला, आणि चाल माथ्यावर लटकत राहिली. लोकांनी विनयाने टाळ्या वाजवल्या.

फर्नांदचं कोपर ओडीलच्या बरगडीत बसलं. ओडील उभी राहिली.

"मस्यू, यात धाडस काही नाही. बाजू उलट्या लागल्यात."

दालनात कुजबुज झाली. प्रादोंचा चेहरा लाल झाला. "मादाम शास्तने, हे आपण नंतर..."

"नंतर कधी? छापून झाल्यावर?" फर्नांद बसल्या जागेवरून म्हणाली. "बोलू द्या की तिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलतेय."

कियारने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "तुम्ही वादक आहात का, मादाम?"

"नाही. मी चिनीमातीचा माल निवडते. टिचकी मारून."

मागून कुणीतरी हसलं. कियार हसला नाही. "ऐकवा," तो म्हणाला.

मंडळाच्या जुन्या यंत्रावर लाखेच्या तबकड्या चालायच्या. ओडीलने चौथी बाजू लावली. चौथीनंतर तिने 'सहावी' म्हणून चिकटवलेली बाजू लावली. हॉर्नचा सूर सुईच्या खरखरीतून सरळ पलीकडे गेला. पहिल्या रांगेतला एक म्हातारा ताठ बसला. मग तिने 'पाचवी' लावली. सगळी वाद्यं डोंगर उतरून घरी आल्यासारखी हळूहळू शांत झाली.

ओडीलने सुई उचलली. फर्नांदने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? पण आत्ता पूर्ण झालं, ना?"

कियार यंत्रापाशी आला. त्याने तबकडी उजेडात धरून आकडे वाचले. "आकड्यांवरून पुरतं सिद्ध होत नाही, मादाम. कधीकधी भाग पुढेमागेही उतरवले जायचे. माझा कान तुमच्या बाजूने आहे. पण माझे मालक कानावर छपाई थांबवणार नाहीत. कागदावरचा पुरावा हवा. सहा आठवड्यांत मिळाला तर मी थांबवतो."

"मूळ प्रत तर जळाली."

"तीच तर अडचण आहे," तो म्हणाला. ती टाळाटाळ नव्हती, हे ओडीलला त्याच्या आवाजावरून कळलं.

तिने पत्रं लिहायला सुरुवात केली. पॅरिसच्या वादकांच्या संघटनेला तीन पत्रं गेली. तिसऱ्याला उत्तर आलं. त्या वाद्यवृंदातले दोनच जण हयात होते. एक दवाखान्यात होता आणि माणसं ओळखत नव्हता. दुसरा सेलेस्तँ मोपा, वय एक्याऐंशी, राहणार आंगुलेम. वाद्य: दुसरा हॉर्न.

ओडील आणि फर्नांद एका सोमवारी रजा टाकून सकाळच्या गाडीने निघाल्या. फर्नांदने वाटेत खायला बटाट्याचं सारण भरलेली पेस्ट्री घेतली होती आणि मोपांसाठी क्लाफुती नावाचा चेरीचा घरगुती केक. मोपा सुनेच्या घरात खालच्या खोलीत राहायचे. तोंडात दात नव्हते, ऐकायलाही कमी येत होतं. लाव्हेर्नोलचं नाव ओडीलला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांचे डोळे चमकले.

"तो लांब सूर!" म्हातारबुवा म्हणाले. "माझ्या ओठाचं सालपट काढलं होतं त्या सुराने. पहिल्या हॉर्नवाल्याला ताप भरला होता, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. मी सूर धरलेला, आणि तबकडी संपली. काचेमागून हात आला, थांबा! दहा मिनिटांनी पुन्हा त्याच सुरापासून सुरुवात. तोच जोर हवा म्हणाले. तोच जोर कुठून आणू? आणला बघा!"

"तुम्ही रेकॉर्ड ऐकली होती का?"

"छे. घेणार कशी? पगार केवढा होता!" त्यांनी क्लाफुतीचा तुकडा हिरड्यांनी चावला. "लोकांना आवडली का हो?"

"आवडणार आहे," ओडील म्हणाली.

"माझा कागद आहे कुठेतरी," मोपा म्हणाले.

फर्नांदचा घास हातातच राहिला. "कसला कागद?"

कागद म्हणजे दुसऱ्या हॉर्नचा भाग. तो छापला गेलाच नव्हता. प्रत्येक वादकाने आपापला उतरवून घेतला होता आणि मोपांनी आपला ओठ फुटल्याची आठवण म्हणून जपून ठेवला होता. सुनेने पलंगाखालची पेटी ओढून काढली. टपालाची जुनी पाकिटं, लग्नाचा फोटो, आणि खाली चार घड्या घातलेले कागद. संथ भागात त्यांच्या वाट्याला आलेला तो लांब सूर होता. त्यावर निळ्या पेन्सिलीने रेघ मारून लिहिलं होतं: 'इथे बाजू संपते. पुन्हा इथूनच.' त्यापुढे चढण होती, आणि मग उतरण. शेवटी पुन्हा मोपांचंच अक्षर: 'झालं एकदाचं.'

ओडीलला सुरांची लिपी वाचता येत नव्हती. पण ती निळी रेघ वाचायला लिपी येण्याची गरज नव्हती. तिने मोपांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. फर्नांद खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होती.

कियारला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "छपाई थांबवली. मी स्वतः येतो कागदाची नक्कल घ्यायला." आणि आला. म्हाताऱ्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून त्याने संपूर्ण भाग स्वतःच्या हाताने उतरवून घेतला.

रेकॉर्डच्या वेष्टनाच्या मागे काय छापायचं, यावरून मात्र थोडं वाजलं. कियारने मजकूर पाठवला होता: 'लिमोजच्या संगीतप्रेमी मादाम ओडील शास्तने यांच्या मदतीने.' ओडीलने तो खोडून परत पाठवला. कियारने फोन केला.

"संगीतप्रेमी म्हटलेलं आवडलं नाही?"

"संगीतप्रेमी मस्यू प्रादोही आहेत. माझं काम लिहा."

"मदत लिहू नको का?"

"मदत मोपांनी केली, ती लिहा. माझ्या नावापुढे 'चिनीमाती निवडणारी' असं लिहा. लोकांना कळू दे, हा कान कुठे तयार झाला ते."

तसंच छापलं गेलं. पुढच्या वसंतात रेकॉर्ड निघाली, तेव्हा पहिली प्रत आंगुलेमला गेली. मोपांच्या सुनेने कळवलं की सासऱ्यांनी कान स्पीकरला लावून ती ऐकली आणि हॉर्नच्या जागी बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. पॅरिसच्या एका मासिकात परीक्षण आलं. परीक्षकाने लिहिलं होतं की हा संथ भाग फ्रान्समध्ये त्या दशकात लिहिल्या गेलेल्या सर्वात सुरेख भागांपैकी एक आहे. लेओन्सने ते कात्रण बसमध्ये आपल्या आसनासमोर लावलं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "आमच्या घरातली भानगड आहे ती."

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने स्वतःच्या घरचा रेकॉर्ड प्लेयर आणून खाणावळीत ठेवला. भट्टीवरचे, साचेवाले, रंगकामाच्या बायका मिळून दोनशे माणसं होती. चमच्यांचा आवाज पहिल्या मिनिटातच थांबला. भट्टीवरचा एक नवखा कामगार विचारू लागला, "कुणाची रेकॉर्ड आहे ही?"

"आमच्या खात्याची," फर्नांद म्हणाली. "गप्प ऐक."

शरद ऋतूत मंडळाच्या बैठकांची नवी वर्षसूची ठरत होती. मस्यू प्रादो स्वतः कारखान्याच्या दाराशी येऊन, टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मादाम, मी आधी ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. "नोव्हेंबरची बैठक तुम्ही घ्या. विषय तुम्ही ठरवा."

ओडीलने विषय आधीच ठरवलेला होता. ब्रिटनीतल्या एका शाळामास्तराने समुद्रावर तीन छोट्या संगीतरचना केल्या होत्या आणि त्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दालनात बसायला जागा उरली नाही. कारखान्यातल्या बायका या वेळी पुढच्या दोन रांगांत होत्या आणि जुने सभासद भिंतीला टेकून उभे होते. ओडील टेबलामागे उभी राहिली. तिने नवा करडा झगा घातला होता. समोर टिपणं नव्हती, फक्त रेकॉर्ड होती.

"या माणसाबद्दल पुस्तकात दोन ओळी आहेत," ती म्हणाली. "त्या मी वाचून दाखवणार नाही. आधी आपण ऐकू."